माता व बालकांचें पोषण आणि शेतकऱ्याचें कर्तव्य

गाभण गाईस शेवटल्या दोन महिन्यांत आंबोण वाढवावें लागतें, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. वासरूं जन्मल्याबरोबर त्यास पहिला चीक पाजला पाहिजे, नाहीं तर तें हगवणीनें दगावण्याचा संभव असतो, हेंही त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रोपवाटिकेंत वांग्याचें रोप एकदां खुरटलें म्हणजे पुढें वावरांत त्यास कितीही खत घातलें तरी तें डेरेदार होत नाहीं, हा तर नित्याचा अनुभव होय. परंतु ज्या घरांत हें सर्व ज्ञान नांदतें, त्याच घरांत गरोदर सून सर्वांच्या मागून उरलेंसुरलें खाते, बाळंतिणीचा चीक पिळून टाकण्यांत येतो, आणि सव्वा-दीड वर्षाचें लेंकरूं चहांत बुडविलेल्या बिस्किटावर दिवस काढतें, असें दृश्य अद्यापि पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतें. गोठ्यांतलें शहाणपण माजघरांत कां शिरत नाहीं, आणि तें शिरावें म्हणून सरकारनें, गांवानें व घरधन्यानें काय करावयाचें, याचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

एक वजनाचा दिवस

गेल्या श्रावणांत मराठवाड्यांतील एका सोयाबीन पिकविणाऱ्या गांवीं, अंगणवाडींत मुलांच्या वजनाच्या दिवशीं आम्ही जाऊन बसलों होतों. चौदा महिन्यांच्या एका मुलाच्या डाव्या दंडास सेविकेनें रंगीत पट्टी गुंडाळली. आंकडा ११.९ सेंटिमीटर निघाला. म्हणजे पट्टीचा पिवळा भाग. मुलगा आजीच्या कडेवर आला होता. आई सकाळीं आठ वाजतांच निंदणीस गेलेली. घरची चौकशी केली तेव्हां कळलें कीं अकरा एकर सोयाबीन, तूर, आणि गोठ्यांत दोन दुभत्या म्हशी आहेत. सेविकेनें विचारलें, “आजी, बाळाला दूध किती देतां?” आजी म्हणाली, “आवं बाई, दूध समदं डेअरीला जातंय. पोर चहात बिस्कीट बुडवून खातंय, रडत न्हाई.” अंगणवाडींतून मिळणारा घरपोच आहार कोठें जातो, या प्रश्नाचें उत्तरही तितकेंच सरळ होतें. तो घरांतील सातही माणसांत वांटला जातो; आलेली पुडी चार दिवसांत संपते.

या घरास कोणी दरिद्री म्हणणार नाहीं. ज्याच्या शेतांत प्रथिनांनीं भरलेलें पीक पोत्यांनीं निघतें, त्याच्याच घरचें मूल प्रथिनांवांचून वाळतें, ही गोष्ट प्रत्येक कास्तकारानें मनाशीं विचार करण्याजोगी आहे. ज्यांच्या घरीं खरोखरच धान्य नाहीं त्यांची अडचण निराळी व अधिक कठीण आहे. तिचा विचारही पुढें केला आहे.

महाराष्ट्राची स्थिति

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पांचवी फेरी सन २०१९ ते २०२१ या काळांत झाली. तींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५.२ मुलें वयाच्या मानानें उंचीस खुजीं, शेंकडा २५.६ मुलें उंचीच्या मानानें रोड, व शेंकडा ३६.१ मुलें वयाच्या मानानें वजनांत कमी आढळलीं. सहा महिने ते पांच वर्षे या वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६८.९ मुलांच्या, आणि १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ स्त्रियांच्या अंगीं पंडुरोग, ज्यास आपण रक्तक्षय म्हणतों, आढळला. त्यापूर्वींच्या, म्हणजे सन २०१५-१६ च्या फेरींत खुज्या मुलांचें प्रमाण शेंकडा ३४.४ होतें. म्हणजे मधल्या पांच वर्षांत आपली गाडी पुढें सरकली नाहीं.

तथापि ती सरकूं शकते, याचाही पुरावा याच महाराष्ट्रांत आहे. सन २००५ सालीं औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथून ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ या कार्यास आरंभ झाला. माता व दोन वर्षांखालील मूल यांवर विशेष लक्ष, मुलांचें नियमित वजन, रिकाम्या जागा भरणें, व आरोग्य खातें आणि बालविकास खातें यांनीं एकमेकांच्या हातांत हात घालून काम करणें, हें तिचें धोरण होतें. सन २००५-०६ मध्यें राज्यांतील दोन वर्षांखालील मुलांत खुजेपणाचें प्रमाण शेंकडा ३९ होतें. सन २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणांत तें शेंकडा २३ च्या आसपास आलें. सहा-सात वर्षांत झालेली ही घट लहान नव्हे. सबब ‘हें आमच्या नशिबींच आहे’ असें म्हणून स्वस्थ बसण्यास आधार उरत नाहीं.

हजार दिवसांचा हंगाम

प्रत्येक पिकास एक नाजूक काळ असतो. ज्वारीस पोटरींत पाण्याचा ताण बसला तर नंतरच्या पाण्यानें कणीस भरत नाहीं. मनुष्याच्या पिकाचा असा काळ म्हणजे गर्भधारणेपासून मुलाचा दुसरा वाढदिवस होईपर्यंतचा: गर्भाचे सुमारे २७० दिवस व पुढील दोन वर्षांचे ७३० दिवस, मिळून एक हजार दिवस. मेंदूची वाढ सर्वांत वेगानें याच काळांत होते. या अवधींत राहिलेली उंचीची उणीव पुढें शाळेंतील खिचडीनें पुरतेपणीं भरून येत नाहीं. जन्मतः अडीच किलोग्रॅमपेक्षां कमी वजनाचें मूल आजारास लवकर बळी पडतें. निरोगी मुलाचें जन्माचें वजन पांच-सहा महिन्यांत दुप्पट व वर्षांत सुमारें तिप्पट झालें पाहिजे. हा हिशेब प्रत्येक घरानें दुधाच्या वहीसारखा मांडून ठेवावा.

अंगणवाडीचा उगम व तिचें काम

‘अंगणवाडी’ हा शब्द आतां सर्व देशांत रूढ झाला आहे. परंतु त्याचें मूळ आपल्याच ठाणें जिल्ह्यांत (आतांच्या पालघर जिल्ह्यांत) आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. आणि सन १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत, तेव्हां शाळेनें त्यांच्या अंगणांत जावें, ही त्या बायांची साधी व थोर कल्पना होती.

पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ विकासगटांत ‘एकात्मिक बालविकास सेवा योजना’ सुरू झाली, व तिच्या केंद्रास अंगणवाडी हेंच नांव मिळालें. तिचीं कामें सहा: पूरक आहार, लसटोंचणी, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यांत पाठविणें, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचें शालापूर्व शिक्षण, व मातांस आहार-आरोग्याचें शिक्षण. सन २००१ पासून सर्वोच्च न्यायालयानें अन्नाच्या हक्कासंबंधीं जे आदेश दिले, त्यांमुळें ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेणें सरकारवर बंधनकारक झालें. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, ज्या वस्तींत सहा वर्षांखालील ४० मुलें असून अंगणवाडी नाहीं, त्या वस्तीनें मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आमच्या पुष्कळ वाड्या-तांड्यांनीं हा अर्ज कधीं केलेलाच नाहीं.

हक्काचा आहार किती

सन २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें हा आहार उपकार न राहतां हक्क झाला. त्याचें प्रमाण असें आहे. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलास घरपोच आहार, रोज ५०० उष्मांकांचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलास अंगणवाडींत सकाळचा अल्पोपहार व गरम ताजें जेवण मिळून ५०० उष्मांक. कुपोषित मुलास ८०० उष्मांक. आणि गरोदर व स्तनदा मातेस ६०० उष्मांक. स्तनदा मातेचा हक्क मूल सहा महिन्यांचें होईपर्यंत चालतो. सन २०२३ सालीं या कोष्टकांत सुधारणा होऊन केवळ उष्मांक व प्रथिनें न मोजतां लोह, कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वें यांचाही विचार करण्यांत आला.

आदिवासी क्षेत्रांसाठीं महाराष्ट्र सरकारनें सन २०१५ मध्यें डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नांवानें ‘अमृत आहार योजना’ काढली. तींत गरोदर व स्तनदा मातेस एक वेळचें चौरस गरम जेवण देण्याची तरतूद असून, पुढें लहान मुलांस अंडें किंवा केळें देण्याचीही जोड मिळाली. घरीं नेलेला शिधा सर्वांत वांटला जातो, पण अंगणवाडींत बसून खाल्लेलें जेवण मातेच्याच पोटांत जातें, हें या योजनेमागील मर्म आहे.

याशिवाय ‘प्रधानमंत्री मातृवंदना योजने’त पहिल्या अपत्यासाठीं दोन हप्त्यांत मिळून ५,००० रुपये, व सन २०२२ पासून दुसरें अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मातेच्या खात्यांत जमा होतात. पात्रतेच्या अटींत किसान सन्मान निधि घेणाऱ्या शेतकरी स्त्रीचाही समावेश आहे. गरोदरपणाची नोंद लवकर करणें, तपासणी व मुलाच्या लसी वेळेवर टोंचून घेणें, एवढें केल्यास ही रक्कम मिळते. ती मातेच्या विश्रांतीसाठीं व आहारासाठीं आहे. बियाण्याच्या उधारींत ती जाऊं देऊं नये.

हा आहार कोठें जिरतो

पाटांत सोडलेलें पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत कां पोंचत नाहीं, हें पाहावयाचें तर पाट चालून पाहावा लागतो. तसें येथें केलें असतां चार गळत्या दिसतात.

पहिली गळती वांटणीची. एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसास सुमारें एक हजार उष्मांक लागतात. ५०० उष्मांकांचा घरपोच आहार म्हणजे त्याची निम्मी गरज झाली. तो सात जणांत वांटला तर मुलाच्या वांट्यास घांसभरही येत नाहीं. शिवाय हा आहार ‘पूरक’ आहे. घरचें जेवण बंद करून त्याऐवजीं द्यावयाचा नाहीं.

दुसरी गळती वयाची. तीन वर्षांवरील मूल चालत अंगणवाडींत येतें व गरम जेवण जेवतें. परंतु सहा महिने ते दोन वर्षे, हा जो सर्वांत धोक्याचा काळ, त्या वयाचें मूल घरीं असतें, व तें सेविकेच्या दृष्टीस महिन्यांतून एकदांच पडतें.

तिसरी गळती हंगामाची. आषाढ ते भाद्रपद हे महिने निंदणी-खुरपणीचे. त्याच वेळीं कणगींतील धान्य तळास लागलेलें, पाणी गढूळ, हगवण व ताप घरोघर, आणि आई दिवसभर शेतांत. मुलाचें वजन घटावयाचें तें याच दिवसांत घटतें.

चौथी गळती स्थलांतराची. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारों जोडपीं ऊसतोडीस जातात. लेंकरें बरोबर असतात. त्यांचें नांव गांवच्या अंगणवाडींत, आणि पोट उसाच्या फडावर, अशी स्थिति होते. ज्या बागाईतदाराच्या फडांत हा ऊस तुटतो, त्यानें आपल्या गांवच्या सेविकेस कळवून कोपीवरील मुलांचीं व गरोदर बायांचीं नांवें तेथें नोंदवून घ्यावीं. यास त्याचा एक पैसाही खर्च होत नाहीं.

मातेचें ताट

गरोदर स्त्रीस नेहमींपेक्षां रोज सुमारें ३५० उष्मांक अधिक लागतात. अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत सुमारें ६०० अधिक लागतात. घरच्या भाषेंत सांगावयाचें तर, गरोदर बाईस एक भाकरी, मूठभर शेंगदाणे व अर्धी वाटी घट्ट वरण हें रोजच्या जेवणाहून जास्त. आणि बाळंतिणीस दोन भाकरी, मूठभर शेंगदाणे व वाटीभर वरण जास्त. ‘जास्त खाल्लें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अडतें’ ही समजूत घातक आहे. पोटभर न जेवणाऱ्या आईचें मूल कमी वजनाचें निपजतें, व आईच्या अंगांत बाळंतपण सोसण्याची शक्ति राहत नाहीं. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

रक्तक्षयावर सरकारी दवाखान्यांत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें निदान १८० गोळ्या गरोदरपणांत, व तितक्याच बाळंतपणानंतर घ्यावयाच्या असतात. गोळी खाल्ल्यावर शौचास काळें होतें किंवा मळमळतें म्हणून पुष्कळ बाया ती फेंकून देतात. काळ्या रंगास भ्यावयाचें कारण नाहीं. मळमळत असल्यास रात्रीं जेवणानंतर घ्यावी. जेवणाबरोबर लिंबू, आंवळा किंवा पेरू असला तर भाजी-भाकरींतलें लोह अंगीं लागतें. जेवणाबरोबर चहा घेतला तर तें वायां जातें. यास्तव जेवण व चहा यांत तासाचें तरी अंतर असावें.

बाळाचें जेवण

जन्मल्यापासून तासाभराच्या आंत मुलास अंगावर पाजावें. पिंवळट दाट चीक ही मुलाची पहिली लसच होय. तो टाकणें म्हणजे वासराचा चीक टाकण्यापेक्षां मोठी चूक. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं, मध, गुटी किंवा पाणीसुद्धां, देऊं नये. वर्षाखालील मुलास मध तर मुळींच देऊं नये. त्यापासून क्वचित् पण भयंकर विषबाधा होते.

सहा महिने संपतांच वरचें अन्न सुरू करावें, व अंगावरचें दूध दोन वर्षे किंवा अधिक काळ चालूं ठेवावें. सहा ते आठ महिने या वयांत दिवसांतून दोन-तीन वेळां, दोन-तीन चमच्यांपासून आरंभ करून अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळां, व मधून एक-दोनदां खाऊ. आणि वर्ष झाल्यावर दर खेपेस पाऊण ते एक वाटी, असा क्रम ठेवावा. अन्न चमच्यावरून ओघळून न पडण्याइतकें घट्ट असावें. पातळ पेजेनें पोट भरतें, पण अंग भरत नाहीं. मुलाचें पोट लहान असल्यामुळें प्रत्येक वाटींत चमचाभर तेल किंवा तूप घालावें. एका लहान चमच्यांत सुमारें ४५ उष्मांक असतात.

घरीं करतां येण्यासारखें एक पीठ येथें सांगतों. दोन भाग नाचणी रात्रभर भिजवून फडक्यांत बांधावी. मोड आले म्हणजे सावलींत सुकवून मंद विस्तवावर हलकीच शेकावी व दळावी. एक भाग मुगाची डाळ व अर्धा भाग शेंगदाणे भाजून, कुटून त्यांत मिसळावे. मोड आणण्याचा फायदा असा कीं, त्यायोगें लापशी शिजतांना चिकट व जड न होतां सैल राहते, सबब तेवढ्याच वाटींत अधिक पीठ मावतें. नाचणीच्या १०० ग्रॅमांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; तितक्याच गव्हांत सुमारें ४०, आणि पांढऱ्या तांदळांत १० च्या आंतबाहेर. नाचणी मिळत नसेल तेथें ज्वारी-बाजरी घ्यावी. सोयाबीन वापरावयाचें झाल्यास तें नीट उकडून वा भाजूनच वापरावें. कच्च्या सोयाबिनांतील कांहीं द्रव्यें प्रथिनांचें पचन होऊं देत नाहींत. जेथें खाण्यास अडचण नाहीं, तेथें चांगलें उकडलेलें एक अंडें रोज द्यावें. त्यांत सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असतें.

हगवण लागल्यास खाणें बंद करूं नये. जलसंजीवनी, चौदा दिवस जस्ताची गोळी, अंगावरचें दूध, आणि बरें झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त, हा उपाय सेविकेकडून व आशाताईकडून समजून घ्यावा. हात साबणानें धुतल्यावांचून मुलास भरवूं नये.

परसबाग

भाजीसाठीं बाजाराच्या दिवसाची वाट पाहणें शेतकऱ्यास शोभत नाहीं. अर्धा गुंठा जागा व मोरीचें सांडपाणी एवढ्यावर पांच-सहा माणसांच्या घरास बहुतेक वर्षभर भाजी पुरते. कडेस शेवगा, कढीलिंब, पपई, लिंबू व पेरू प्रत्येकीं एक. कुंपणावर दोडका, घेवडा, लाल भोपळा. आणि मध्यें सात लहान वाफे, दर आठवड्यास एकांत पेरणी. मेथी व लाल माठ महिन्याभरांत काढणीस येतात, पालक थोडा मागाहून. म्हणजे पहिला वाफा संपतांना दुसरा तयार, असें चक्र चालूं राहतें. शेवग्याचा पाला लोह, कॅल्शियम व ‘अ’ जीवनसत्त्व यांनीं युक्त असून तो भाकरीच्या पिठांतही घालतां येतो. या वाफ्यांवर विषारी औषधें फवारूं नयेत. आणि शेतांत फवारणी चालू असेल तेव्हां गरोदर बाईस तेथें मुळींच जाऊं देऊं नये.

संघानें काय करावें

आतां आपल्या कास्तकार संघाकडे वळूं. ज्या घरीं जमीन नाहीं, त्या घरास परसबागेचा उपदेश करून काय उपयोग? तेथें गांवानेंच हात दिला पाहिजे. आमच्या मतें प्रत्येक गांवच्या शाखेनें पुढील पांच गोष्टी अंगावर घ्याव्या.

(१) हंगामांत सभासदांनीं आळीपाळीनें अंगणवाडीस ताजी भाजी, शेंगदाणे, अंडीं किंवा गूळ पोंचवावा. एका घराचा पाळा महिन्यांतून एकदांच येतो. हें सरकारी आहाराऐवजीं नसून त्यावर भर म्हणून आहे.

(२) निंदणी व कापणीच्या दिवसांत बांधावर किंवा वस्तीवर सावलींत एक पाळणाघर चालवावें. एका वृद्ध बाईस रोज देऊन मुलें सांभाळण्यास ठेवावें. अंगावर पाजणाऱ्या मजूर बाईस दिवसांतून दोनदां मुलाकडे जाण्याची सुटी, रोज न कापतां, द्यावी.

(३) गरोदर बाईस सातव्या महिन्यानंतर ओझें उचलण्याचें व वांकून करण्याचें काम सांगूं नये. घरच्या सुनेसही हाच नियम लागू समजावा.

(४) दर महिन्यास वजनाच्या दिवशीं शाखेच्या दोन सभासदांनीं हजर राहावें. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खालीं असलेलें मूल तीव्र कुपोषित समजतात, ११.५ ते १२.५ मधील मध्यम. पहिल्या प्रकारच्या मुलास ग्राम बालविकास केंद्रांत घालावें, व अन्नावर वासना नसल्यास किंवा ताप-सूज असल्यास विलंब न करतां पोषण पुनर्वसन केंद्रांत न्यावें. त्या दिवसांत आईची मजुरी बुडते, घरीं दुसरीं मुलें असतात. म्हणून ती जाण्यास कचरते. तिच्या घरची व गोठ्याची सोय शेजाऱ्यांनीं पाहावी.

(५) आहार कमी आला, उशिरां आला किंवा खराब निघाला तर सेविकेशीं भांडूं नये. बहुधा तिचाही त्यांत दोष नसतो. ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी तक्रार प्रकल्प अधिकाऱ्याकडे पाठवून पोंच घ्यावी. उसाच्या पहिल्या उचलीसाठीं आपण जितके चिकाटीनें भांडतों, त्याच्या चौथाई चिकाटी येथें पुरे होईल.

उपसंहार

ज्या मुलाची हकीकत आरंभीं सांगितली, त्याच्या घरीं सेविका पुढें दर आठवड्यास जाऊं लागली. तिनें आजीस एवढेंच विचारलें कीं, “म्हशीचं रेडकू असतं तर त्याला एक सड राखला असता ना? मग या पोराचा सड कुठंय?” आजी कांहीं बोलली नाहीं, पण दुसऱ्या दिवसापासून डेअरीच्या किटलींतून अर्धा लिटर दूध मागें राहूं लागलें. घरपोच आहाराची पुडी निराळ्या डब्यांत जाऊन तिच्यावर मुलाचें नांव पडलें. आईनें दुपारीं एक वेळ घरीं यावें असें सासऱ्यानें आपण होऊन सांगितलें. दिवाळीच्या सुमारास दंडाचा घेर १२.६ झाला होता. बाप आम्हांस म्हणाला, “सोयाबीन यंदा पावसानं गेलं, पर हे एक पीक हाताला लागलं.”

सोयाबीनचा भाव आपल्या हातीं नाहीं, पाऊसही नाहीं. घरांतील वाटी कोणाच्या पुढें आधीं सरकावयाची, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

शाखेच्या सभेंत चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत दोन वर्षांखालील मुलें किती, व गेल्या महिन्यांत त्यांपैकीं किती मुलांचें वजन झालें?

२. घरपोच आहार किती दिवस पुरतो, व घरांत तो कोण खातो?

३. गांवांत किंवा फडावर बाहेरगांवचीं मजूर कुटुंबें किती आहेत, व त्यांच्या मुलांचीं नांवें कोणत्या अंगणवाडींत आहेत?

४. कोणत्या वाडीवर सहा वर्षांखालील ४० मुलें असूनही अंगणवाडी नाहीं? अर्ज कोण व कधीं करणार?

५. सभासदांपैकीं किती जणांच्या घरीं आज परसबाग आहे, व पुढील पावसाळ्यापूर्वीं ती कोण कोण करणार?